पलंगाखालची लढाई



भीमजयंतीच्या निळ्या पताका अजून गल्लीत फडफडत असतात, तोवर मुलांच्या परीक्षा संपतात, लग्नपत्रिका येऊ लागतात आणि घरातल्या बाईच्या कामाला अंत राहत नाही. सुट्टी शाळेला असते, मुलांना असते, कंपनीत रजा मंजूर झाली तर बापालाही असते. गॅसच्या शेगडीला, पहाटेच्या नळाला आणि बाईला मात्र ती नसते. उलट मुले दिवसभर घरात म्हणजे दोन वेळचा स्वयंपाक चार वेळचा होतो. गावाकडचे पाहुणे येतात, पापड-कुरडया घालायच्या असतात, वर्षाचा मसाला कुटून आणायचा असतो. उन्हाळ्याची सुट्टी हा आपल्या घरातला आनंदाचा काळ खरा, पण त्या आनंदाचा खर्च कुणाच्या खाती पडतो याचा हिशेब फारसे कुणी ठेवत नाही.

हे सगळे आठवायला कारण एक पत्र. एप्रिल संपता संपता अंबरनाथच्या एका भगिनीने ते हातोहात पाठवले. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून आपण त्यांना ताई म्हणू. पत्रातला मजकूर असा : दादा, आमच्या ह्यांना दारू नाही, गुटखा नाही, पगार आणून हातात देतात. तक्रार करायला तोंड नाही. पण घरात त्यांनी सैन्य आणून ठेवले आहे. माझे कपडे बेतायचे टेबल त्या सैन्याने अडवले आहे. चार-चार दिवस कुणी हात लावायचा नाही. रंग वाळायचा म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद. सासूबाई म्हणतात, चाळिशीला आलेला पोरगा बाहुल्या खेळतो. मी काय करू?

नवऱ्याने पैसे उडवले, हात उगारला, रात्री-अपरात्री झिंगून आला, अशी पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. सैन्याचे पत्र पहिलेच. तेव्हा एका रविवारी मी स्वतः जाऊन पाहिले.

दोन खोल्या आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. ताई शिलाई करतात. ब्लाऊज, फॉल-पिको, लग्नसराईत परकर-पोलक्याच्या ऑर्डरी. गृहस्थ औषधाच्या कंपनीत पॅकिंग खात्यात पाळीची नोकरी करतात. थोरली मुलगी आठवीत जाणार, धाकटा चौथीत. सोबत वृद्ध मातोश्री. आणि बाहेरच्या खोलीतल्या त्या टेबलावर एक अख्खे गाव वसलेले. थर्माकोलची घरे, त्यांना मातीचा गिलावा, लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन केलेले गवत, फेविकोलवर रेती भुरभुरून केलेला रस्ता आणि काठाकाठाने निळी नदी. गावात आणि नदीपलीकडे बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई. प्रत्येकाच्या पायाखाली पुठ्ठ्याची चकती. जवळ वाकून पाहिले तर बंदुकीचा पट्टा वेगळा रंगवलेला, पागोट्याला घडी, इतकेच काय पण मिशासुद्धा.

हा काय प्रकार आहे ते आधी सांगतो, कारण आपल्या बहुतेक वाचकांनी तो पाहिलेला नसणार. याला टेबलावरचा युद्धखेळ म्हणतात. बुद्धिबळासारखेच दोन पक्ष असतात, फक्त पटावर घरे नसतात. त्याऐवजी जमिनीचा देखावा असतो. शिपायाने किती हलायचे ते टेपने मोजायचे, समजा पायदळ ६ इंच आणि घोडेस्वार १२ इंच. गोळी लागली की नाही हे फासा टाकून ठरवायचे. भिंतीआडच्या माणसाला गोळी लागणे अवघड, उघड्यावरच्याला सोपे, असे नियमांचे पुस्तक असते. एक लढाई तीन-चार तास चालते, कधी दोन दिवस.

याचे मूळ प्रशियाच्या लष्करात आहे. राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली तिथल्या राजासाठी असा पट तयार केला आणि त्याच्या लष्करी मुलाने १८२४ साली नकाशावर खेळायचे नियम छापले. तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग होता. तो खेळ घराघरांत आणला इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने. १९११ साली त्याने आपल्या दोन मुलांबरोबर जमिनीवर खेळायच्या खेळांचे एक पुस्तक लिहिले आणि १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे दुसरे, ज्यात खेळण्यातल्या तोफेने लाकडी गोळ्या मारून शिपाई पाडायचे नियम आहेत. वेल्स युद्धखोर नव्हता. खऱ्या युद्धापेक्षा हे टेबलावरचे किती बरे, असेच त्याचे म्हणणे होते, आणि पुढच्याच वर्षी, १९१४ साली, पहिले महायुद्ध पेटले. एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवावीशी वाटते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच त्याने हा खेळ मुलांचा म्हणून सांगितला, आणि मुलींपैकी ज्या मुलांचे खेळ आवडण्याइतक्या हुशार असतील त्यांनाच दार किलकिले केले. म्हणजे विलायतेतला पुढारलेला लेखकसुद्धा मुलींच्या बाबतीत आपल्या गल्लीतल्या काकांहून फार पुढे नव्हता.

आज इंग्लंडमधले नॉटिंगहॅम हे या छंदाचे मोठे केंद्र आहे. १९८३ साली निघालेला ‘वॉरहॅमर’ हा खेळ तिथलाच, आणि त्याच्या बाहुल्या जगभर विकल्या जातात. त्या महाग असतात. आमच्या या गृहस्थांनी एकदाच एक डबा मागवला, साडेतीन हजार रुपयांचा, आणि घरात जे व्हायचे ते झाले. त्यानंतर त्यांनी बाजारातली स्वस्त प्लास्टिकच्या शिपायांची पाकिटे आणून, ब्लेडने टोप्या कापून, एम-सीलची पागोटी चढवायला सुरुवात केली. हात चांगला आहे. लहानपणी दिवाळीत किल्ला केला की मातीचे मावळे हेच रंगवत, असे मातोश्रींनीच सांगितले, तेही जरा कौतुकानेच.

मातोश्रींचा आक्षेप वेगळाच होता. त्यांना फासा खटकत होता. म्हणाल्या, ‘‘बुद्धविहारात पंचशील घेतो, आणि घरात जुगार?’’ त्यांना मी सांगितले की, मावशी, पैसा लावला तर जुगार. इथे कुणी रुपयाही लावत नाही. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाच्या संपत्तीचा नाश करणाऱ्या सहा वाटा सांगितल्या आहेत. नशा, अवेळी रस्त्याने भटकणे, तमाशे-जलशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. यातली एकही या घरात नाही. ब्रह्मजाल सुत्तात आठ घरांच्या आणि दहा घरांच्या पटावरील खेळांचा उल्लेख येतो खरा, पण तो भिक्खूंच्या आचाराविषयी आहे. संसारी माणसाने सारीपाट खेळू नये असा त्याचा अर्थ काढायचा कारण नाही. मावशींचे अर्धे समाधान झाले. वैशाखी पौर्णिमेला मात्र सैन्य बाहेर निघणार नाही, हे त्यांनी त्याच वेळी बजावून घेतले, आणि ते योग्यच होते.

आता मुख्य मुद्दा. अशा वेळी आपल्याकडे एक ठराविक सल्ला दिला जातो : संसारी माणसाला छंद कशाला? हे श्रीमंतांचे चोचले. ते शिपाई भंगारवाल्याला द्या आणि मुलांकडे लक्ष द्या. मला हा सल्ला मान्य नाही. आपल्या बापजाद्यांच्या हाताला फुरसत नावाची गोष्ट कधी लागलीच नाही. येसकरी, पाडेवारी, सरपण फोडणे, सांगावे पोचवणे, यात दिवस आणि रात्र दोन्ही गावाची होती. ज्याच्याकडे स्वतःचा असा एक तास नाही तो गुलाम, मग त्याला पगार मिळो अगर भाकरी. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर जो ग्रंथ लिहिला त्यात यंत्रविरोधावर टीका करताना नेमका हाच मुद्दा मांडला आहे : माणसाला मनाची मशागत करायची तर त्याला फुरसत हवी, आणि ती राबणे कमी झाल्याखेरीज मिळत नाही. नुसते लिहून ते थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते, आणि १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यातले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले होते. तेव्हा पॅकिंग खात्यातल्या कामगाराने झिरो नंबरचा ब्रश घेऊन शिपायाची मिशी रंगवली तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. तो तास त्याच्यासाठी कुणीतरी मिळवून दिलेला आहे.

पण तो तास त्याला मिळाला की घरातल्या दुसऱ्याचा गेला, हे पाहायला नको का?

मी वाणिज्य शाखेचा माणूस, वाद झाला की माझा हात कागदाकडे जातो. शिलाईच्या वहीचे मागचे पान घेतले आणि मधे रेघ मारली. एका बाजूला गृहस्थ, दुसऱ्या बाजूला ताई, मागच्या सोमवारपासून रविवारपर्यंत. गृहस्थांचे तास सोपे होते. कंपनी ४८, जाणे-येणे ९, सैन्य १४. ताईंचे तास निघता निघेनात, कारण त्यांना ते काम वाटतच नव्हते. पहाटे पाचला पाणी येते ते भरणे, डबा, भांडी, कपडे, बाजार, सासूबाईंची औषधे, धाकट्याची भांडणे. मुलगी बाजूला बसून एकेक आठवण करून देत होती आणि मी लिहीत होतो. घरकाम दिवसाला सहा तास धरले, तेही कमीच, म्हणजे आठवड्याचे ४२. शिलाई रोज पाच तास, म्हणजे ३५. एकूण ७७. आणि स्वतःसाठी? ताई हसल्या. म्हणाल्या, ‘‘दादा, तो रकाना कोराच राहू द्या.’’

४८ तासांच्या पुढे कारखान्यात काम घेतले तर ओव्हरटाईम द्यावा लागतो. ७७ तासांना कोणता कायदा लागू होतो ते मला कोणी सांगावे. गृहस्थ बराच वेळ त्या पानाकडे पाहत होते. भला माणूस आहे. त्यांची चूक एवढीच की टेबल रिकामे दिसले म्हणून ते रिकामे आहे असे धरले. लग्नसराईच्या दीड महिन्यात त्या टेबलावर जी शिलाई होते तिच्यातून जूनमधली वह्या-पुस्तके, गणवेश आणि छत्र्या येतात. शिवणाची टेपसुद्धा सैन्याने पळवली होती, तीही पेशव्यांचे घोडेस्वार मोजायला!

इथे आणखी एक गोष्ट आठवते, आणि ती आपल्या चळवळीतल्या पुरुषांनी मनावर घ्यावी अशी आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली ‘बहिष्कृत भारत’मध्ये लिहिताना, आपण परदेशी असताना संसाराचे ओझे माता रमाईने वाहिले, डोक्यावर शेणाच्या पाट्या वाहिल्या आणि अशा पत्नीच्या सहवासात दिवसाकाठी अर्धा तासही देता येत नाही, हे उघडपणे लिहिले. ज्यांचा वेळ कोट्यवधी माणसांच्या मुक्तीसाठी जात होता त्यांनी तो अर्धा तास जाहीर हिशेबात धरला. मग तुमचा-आमचा वेळ तर कॅरममध्ये, क्रिकेटच्या सामन्यात, मोबाईलवरच्या व्हिडिओत आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा नाक्यावरच्या गप्पांत जातो. सभा-मिटिंगांचे निमित्त सांगून घराबाहेर राहणारे कार्यकर्तेही मला पुष्कळ ठाऊक आहेत. मिटिंग नवाला संपते, कार्यकर्ता साडेअकराला घरी पोचतो.

असो. त्या दिवशी भांडण न होता काही गोष्टी ठरल्या. टेबल दिवसा ताईंचे. सैन्यासाठी वेगळी फळी. सुताराकडून प्लायवूडचा तुकडा आणला, चार फूट बाय अडीच, आणि खाली चार छोटी चाके. लढाई मांडलेली राहू शकते, पण पलंगाखाली. या एका फळीने निम्मे भांडण मिटले असे ताई म्हणतात. रंगकाम सकाळी सहा ते आठ गॅलरीत, ऊन चढायच्या आत, म्हणजे पंख्याचा प्रश्नच नाही. टेप वेगळी, दहा रुपयांची. पैशाचा प्रश्न मी सिगालोवाद सुत्ताकडेच सोपवला. मिळकतीचे चार भाग करावे, एक उपभोगावा, दोन कामधंद्यात घालावे आणि चौथा अडीअडचणीला राखून ठेवावा, असे तिथे सांगितले आहे. आपल्या पगारात दोन भाग कामधंद्याला उरत नाहीत, ते घरभाडे आणि शाळेतच जातात. पण उपभोगाच्या भागात घरातले पाच जण आहेत एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. महिना तीनशे रुपये सैन्याला ठरले, आणि तीनशे ताईंना, त्यांनी कशावर खर्च केले ते विचारायचे नाही. हा दुसरा आकडा कबूल करायला थोडा वेळ लागला, कारण ताईच म्हणत होत्या, मला कशाला?

आणि आठवड्यात दोन संध्याकाळी, बुधवार आणि शनिवार, स्वयंपाक आणि मुले गृहस्थांकडे. पाळी बदलली तर वार बदलायचा, पण दिवस बुडवायचा नाही.

ताईंना काय हवे होते? वस्तीतल्या महिला मंडळाने २७ मेच्या रमाई स्मृतिदिनासाठी गीतांचा कार्यक्रम बसवायला घेतला होता. ताईंचा आवाज लग्नाआधी चांगला होता, म्हणजे अजूनही आहे, पण तालमीची वेळ नेमकी भाकरीची वेळ. पहिल्या बुधवारी गृहस्थांनी खिचडी केली. ताई तालमीला गेल्या का? नाही गेल्या. संध्याकाळी सहाला आडव्या झाल्या आणि साडेआठपर्यंत झोपल्या. मुलीने आईला उठवू दिले नाही. मातोश्रींनी मुलाला ‘बायकोचा बैल’ म्हणून घेतले. खिचडी मात्र दोन वेळा मागून खाल्ली. दुसऱ्या बुधवारी ताई तालमीला गेल्या, तिसऱ्यालाही गेल्या. मधल्या एका शनिवारी कंपनीने ओव्हरटाईमला थांबवले आणि तालीम बुडाली, तेव्हा ताई रागावल्या. मला ते राग येणे फार चांगले वाटले. स्वतःचा वेळ आहे असे वाटल्याशिवाय तो गेल्याचा राग येत नाही.

मुलांचे काय? बापाचा छंद म्हणजे मुलांना ‘हात लावू नकोस’ असे ओरडणे, हे बहुतेक घरांत चालते. इथेही तसेच होते. मी म्हटले, सुट्टीत मुले मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात म्हणून तुम्हीच तक्रार करता, आणि घरात असा खेळ असताना त्यांना लांब ठेवता? धाकट्याला गवत करायचे काम मिळाले. भुसा चाळणे, रंगवणे, वाळवणे, यात त्याच्या दुपारी जातात. तो सध्या नखापासून कोपरापर्यंत हिरवा आहे. थोरली नियमांचे पुस्तक घेऊन बसली. पुस्तक इंग्रजीत. शब्दकोश शेजारी ठेवून तिने त्याचा मराठीत कच्चा तर्जुमा केला, वीस पाने. इंग्रजीच्या शिकवणीने जे वर्षभरात झाले नाही ते तीन आठवड्यांत झाले, असे तिचे वडील सांगतात. बापाच्या बोलण्यात थोडी अतिशयोक्ती धरावी.

ती लढाई कोणती, ते वाचकांनी ओळखलेच असेल. टेबलावरचे गाव कोरेगाव होते आणि नदी भीमा. गृहस्थांनी अभ्यास केला होता. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून निघाली. रात्रभर चालून सकाळी कोरेगावाजवळ पोचली. पायदळ सुमारे पाचशे, थोडे घोडदळ, दोन तोफा आणि तोफखान्याची माणसे, सगळे मिळून ८३४. पलीकडे बाजीराव पेशव्याचे सुमारे २८ हजारांचे सैन्य, त्यातून अरब, गोसावी आणि इतर पायदळाच्या तुकड्या गावावर सोडलेल्या. दिवसभर लढाई झाली. नदी समोर दिसत असून पाण्याची वाट बंद. एक तोफ हातची गेली, ती परत घेतली. रात्री पेशव्याच्या फौजा हटल्या. कंपनीच्या बाजूचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५. विजयस्तंभावर ४९ नावे आहेत, त्यातली २२ ‘नाक’ प्रत्ययाची, म्हणजे आपल्या माणसांची. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले, आणि आज दर वर्षी लाखो लोक जातात.

गृहस्थांनी वीस माणसांमागे एक बाहुली असे प्रमाण धरले. म्हणजे कंपनीच्या बाजूच्या ४२ बाहुल्या. पेशव्यांच्या पूर्ण फौजेला चौदाशे लागल्या असत्या, म्हणून गावावर चालून आलेल्या तुकड्याच फळीवर आणि बाकीच्या कागदावर. तहानेसाठी त्यांनी स्वतः एक नियम केला होता : दर तासाला पाण्याविना असलेल्या तुकडीने फासा टाकायचा, कमी पडला तर त्या खेपेस गोळी झाडता येणार नाही.

अडचण एकच होती. पेशवा कोण होणार? घरात कुणी तयार होईना. धाकटा तर रडलाच. शेवटी मुलगी म्हणाली, मी होते. तिने गोसाव्यांची तुकडी सरळ नदीच्या वाटेवर नेऊन बसवली, बापाची पाण्याची वाट तोडली, अरबांना गावात घुसवले, एक तोफ घेतली आणि ती परत घेऊ दिली नाही. पेशवा जिंकला.

वस्तीतले एक बुजुर्ग बाबा तिथे खेळ पाहायला बसले होते. पूर्वीचे लढाऊ कार्यकर्ते. ते उसळले. ‘‘आपल्या घरात पेशवा जिंकतो? हा कसला खेळ! नियम बदल.’’ गृहस्थही ओशाळले आणि म्हणू लागले की शेवटी कंपनीचीच सरशी होईल असा नियम घालू. मुलगी म्हणाली, मग खेळायचे कशाला, वाचायचेच ना?

माझे मत विचाराल तर मुलगी बरोबर होती. निकाल आधीच बांधून ठेवला तर त्या माणसांनी काय केले हे कळणार कसे? रात्रभर चालून आलेली माणसे, पोटात अन्न नाही, घशाला पाणी नाही, संख्या नगण्य. फळीवर तिने जे केले तेच १८१८ साली प्रत्यक्ष घडू शकत होते, आणि घडले नाही. ते का घडले नाही याचा विचार करताना त्या बावीस नावांचे वजन कळते. नुसत्या घोषणेने ते कळत नाही. शिवाय स्तंभावरची उरलेली नावेही माणसांचीच आहेत, हेही मुलांना सांगायला हवे. आपला इतिहास खरा आहे, म्हणून त्याला आकडे लपवायची गरज नाही.

पुढच्या रविवारी बाबा पुन्हा आले, आणि या वेळी कंपनीच्या बाजूने स्वतः बसले. चष्मा पुसून त्यांनी फळीभोवती दोन फेऱ्या मारल्या. पहिला प्रश्न त्यांनी तोफेचा विचारला नाही. विचारले, ‘‘पोरी, यांना पाणी कुठून आणायचे?’’ चार तास ते खुर्चीवरून उठले नाहीत. गाव राखले, पण शेवटी मुलीने आडव्या पडलेल्या बाहुल्या मोजल्या तेव्हा बेचाळीसपैकी सतरा निघाल्या. प्रत्यक्षातल्या २७५ माणसांचे गणित केले तर चौदा होतात. बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी त्या सतरा बाहुल्या एकेक करून स्वतःच्या हाताने उभ्या केल्या.

मातोश्री आत पोळ्या लाटत होत्या, शनिवार-बुधवार सोडून कोणता का वार असेना. हा प्रश्न अजून सुटलेला नाही. सुनेचे तास मोजले गेले, सासूचे कुणी मोजले नाहीत. मी पुढच्या खेपेस वही घेऊन जाणार आहे.

या अंकासोबत ज्या वाचकांना मुलांसाठी असे काही करून पाहावेसे वाटेल त्यांच्यासाठी थोडे. विलायती डबे मागवू नका. पाकिटातले प्लास्टिकचे शिपाई आधी साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर रंग सुटतो. रंग पाण्यात मिसळणारा ॲक्रेलिक घ्या, शाळेच्या स्टेशनरीत मिळतो. ऑइलपेंट नको, त्याच्या वासाने लहान मुलांचे डोके दुखते. ब्रश दोन पुरतात, एक झिरो नंबर आणि एक चार नंबर. एम-सील हाताला लागू देऊ नका, काम झाल्यावर साबणाने हात धुवा. घरात रांगते मूल असेल तर बाहुल्या आणि फासे उंचावर ठेवा, तोंडात जातात. थर्माकोल फ्रीज-टीव्हीच्या दुकानात मागितला तर फुकट मिळतो. भुसा सुताराकडे. आणि फळी पलंगाच्या उंचीचे माप घेऊनच कापा. यांच्या पहिल्या फळीवरची घरे पलंगाच्या पट्टीला अडकली आणि कोरेगावचा वेशीजवळचा अर्धा भाग नव्याने बांधावा लागला.

२७ मेचा कार्यक्रम झाला. ताई दोन गाणी गायल्या, एक समूहात आणि एक एकटीने. जूनच्या मध्याला शाळा उघडतील, तोवर टेबलावर अजून अकरा ब्लाऊज व्हायचे आहेत. मुलीने वडिलांना सांगून ठेवले आहे की पुढची लढाई तिला कलिंगची हवी, आणि त्यात अशोकाच्या बाजूने बसायला तिला माणूस मिळत नाही.